दरवर्षी मोडल्या जाणाऱ्या उपाहारगृहांचा इतिहास : गोव्याचा किनारा आणि त्याचे ताट

१/ आजचा धागा अशा उपाहारगृहांविषयी आहे, जी दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस मोडून टाकली जातात आणि पावसाळा सरल्यावर पुन्हा उभी राहतात. गोव्याच्या किनाऱ्यावरील शॅक. बांबूचे खांब, माडाच्या झावळ्यांचे छप्पर, वाळूत रोवलेल्या खुर्च्या. किल्ल्याला शिलालेख असतो, मंदिराला सनद असते, वाड्याला दस्तऐवज असतो. पण जी वास्तू आठ महिनेच जगते, तिचा इतिहास कसा लिहायचा?

२/ यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाने समुद्रावर का लिहावे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. आमच्याकडे मोडती हॉटेले ठाऊक आहेत, पण ती जत्रेतली. वणीला रंगनाथस्वामींची यात्रा भरली की कापडी छताखाली भट्ट्या पेटतात आणि यात्रा उठली की मैदान मोकळे होते. त्या हॉटेलांची नोंद कोणी ठेवत नाही. गोव्याच्या शॅकची छायाचित्रे मात्र जगभर फिरतात. तरीही दोहोंच्या इतिहासाची अडचण एकच आहे. इमारत उरत नाही. उरते ते ताट, उरतात शब्द आणि उरतात कायदे. या तिन्हींना साधन मानून आपण हा इतिहास वाचणार आहोत.

३/ प्रथम शब्द. आमच्या विदर्भात जो आलूबोंडा, तोच मुंबईत बटाटावडा. आमच्याकडचा जाम म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातला पेरू. हा केवळ बोलींचा भेद नव्हे. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि तेथून घाट चढला. ‘आलू’ उत्तरेकडून आला. एकाच कंदाची दोन नावे आपल्याला सांगतात की समुद्राचा प्रभाव कुठपर्यंत पोहोचला आणि कुठे थबकला. काजू, अननस, पपई, पाव, कोबी ही सारी नावेही किनाऱ्याच्याच वाटेने मराठीत आली आहेत.

४/ मात्र एक वस्तू न थबकता थेट आमच्या भाकरीपर्यंत आली : मिरची. तिचे मूळ अमेरिकेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली. मुंबईकडे तिला एके काळी ‘गोवाई मिरची’ म्हणत. मराठीने तिला नाव दिले ते आधीच्या तिखटाचे, म्हणजे मिरीचे. नव्या वस्तूने जुन्या वस्तूच्या नावात घर केले. ज्वारीची भाकरी आणि ठेचा हे आपण अस्सल वऱ्हाडी मानतो आणि ते योग्यही आहे. पण त्या ठेच्याचा अर्धा इतिहास समुद्रावरचा आहे.

५/ आता काळाची चौकट. २५ नोव्हेंबर १५१० रोजी अफोन्सो द अल्बुकर्क याने आदिलशाहीकडून गोवा निर्णायकपणे जिंकून घेतला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. मधली साडेचार शतके ही भारतातील सर्वांत दीर्घ युरोपीय राजवट होय. या काळात गोव्याचे बंदर ब्राझील, मोझांबिक, मलाक्का, मकाव आणि लिस्बन यांना जोडणाऱ्या एका सागरी जाळ्याची गाठ बनले. आजच्या शॅकचे मेनूकार्ड हा त्या जाळ्याचा नकाशा आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

६/ हा नकाशा उलगडून पाहा. ‘विंदालू’ हे पोर्तुगीज ‘विन्या द आल्योश’चे, म्हणजे मद्य आणि लसणीत मुरवलेल्या मांसाचे, रूपांतर. गोव्यात द्राक्षाच्या मद्याची जागा माडाच्या सुरेपासून केलेल्या व्हिनेगरने घेतली. पुढे उत्तरेतल्या हॉटेलांनी त्यातल्या ‘आलू’ या ध्वनीला भुलून पदार्थात बटाटे घातले! ‘काफ्रियाल’ या कोंबडीच्या पदार्थात आफ्रिकेची खूण आहे. ‘रेशाद’ म्हणजे भरलेले. बांगड्याच्या पोटात लाल मसाला भरतात तो हा. ‘बालशांव’ पूर्वेकडच्या मकाव-मलाक्केच्या वाटेवरचा. एका पानावर चार खंड.

७/ पण एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ताटाचा नकाशा रम्य दिसतो म्हणून त्यामागची सत्ता विसरता येत नाही. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायपीठ स्थापन झाले आणि ते १८१२ पर्यंत, मधला थोडा काळ वगळता, चालू राहिले. १७३६ च्या एका आदेशात धर्मांतरित कुटुंबांना अनेक जुन्या चाली निषिद्ध ठरवल्या गेल्या. त्यात एक बाब अशी होती : हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवू नये. राज्यसत्ता चुलीपर्यंत पोहोचल्याचे याहून नेमके उदाहरण क्वचितच सापडेल. भातात मीठ आहे की नाही, यावरून माणसाची निष्ठा मोजली जात होती.

८/ दुसऱ्या बाजूची भिंतही तितकीच पक्की होती. विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि ते पाणी प्यायल्याने गाव बाटले, अशा कथा वसईपासून गोव्यापर्यंतच्या लोकस्मृतीत आहेत. कथा शब्दशः खऱ्या असोत वा नसोत, त्यामागचे भय खरे होते. आणि हे भय केवळ किनाऱ्याचे नव्हते. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे समोर आली म्हणून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवर ग्रामण्य आले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्तापर्यंत पोहोचले. सार्वजनिक ठिकाणी खाणे ही आपल्याकडे फार मोठी सामाजिक घटना होती.

९/ म्हणूनच ‘हॉटेल’ हा विषय इतिहासाच्या विद्यार्थ्याने हलका समजू नये. अनोळखी माणसाने रांधलेले, अनोळखी माणसाशेजारी बसून, पैसे देऊन खाणे, ही आधुनिक कृती आहे. तिला भट्टी, भांडी आणि भांडवल लागतेच. पण त्याहून अधिक लागतो विश्वास. पणजीतले काफे तातो १९१३ पासूनचे. तिथल्या भाजी-पावाची जोडी पाहा. भाजी हिंदू स्वयंपाकघरातली, पाव ख्रिस्ती पोदेराच्या भट्टीतला. ज्या पावाच्या तुकड्याने गाव बाटल्याच्या कथा सांगितल्या जात, तोच पाव सकाळच्या घाईत भाजीत बुडवून खाल्ला जाऊ लागला. जाहीरनाम्यांनी साधले नसते ते काम न्याहारीने केले.

१०/ पोदेर म्हणजे पाव भाजणारा व घरोघरी विकणारा. गोव्याच्या जुन्या पावाचे वैशिष्ट्य असे की पीठ फुगवण्यासाठी माडाची सूर वापरत. युरोपीय खमीर इथे सहज उपलब्ध नव्हते, माड मात्र प्रत्येक वाडीत होता. गार्सिया द ओर्ता या वैद्याने गोव्यातच राहून लिहिलेला आणि १५६३ मध्ये गोव्यातच छापलेला औषधी द्रव्यांवरील ग्रंथ माडाचे सविस्तर वर्णन करतो. त्यात सूर आहे, खोबरे आहे, गूळ आहे आणि सुरेपासून काढलेले ऊर्ध्वपातित मद्यही आहे. किनाऱ्याचे अर्थकारण माडावर कसे उभे होते, हे समजण्यासाठी तो आजही उपयोगी आहे.

११/ मद्याचा विषय निघालाच आहे तर फेणीविषयी दोन शब्द. काजूचे झाड ब्राझीलचे. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात इथे आणले. बोंडे तुडवून रस काढायचा, नैसर्गिकरीत्या आंबू द्यायचा आणि ‘भाण’ नावाच्या भांड्यात उकळून वाफ थंड करायची. पहिल्या उकळीचे सौम्य पेय म्हणजे हुर्राक. पुन्हा उकळले की फेणी. २००९ मध्ये गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. झाड परदेशी, तंत्र इथे घडलेले, हक्क गोव्याचा. ‘अस्सल’ या शब्दाचा अर्थ किती वळणांनी ठरतो, याचे हे उदाहरण.

१२/ आता मूळ प्रश्नाकडे. वाळूवर बसून जेवण्याची प्रथा कोणी सुरू केली? बहुतेक उत्तर देतील : हिप्पींनी. हे उत्तर अपुरे आहे. हिप्पी येण्यापूर्वीच गोव्यात ‘मुदांसा’ होता. पोर्तुगीजमध्ये या शब्दाचा अर्थ ‘बदल’. मे महिन्याच्या उकाड्यात सधन कुटुंबे हवापालटासाठी किनाऱ्यावर राहायला जात. सामान, भांडी, स्वयंपाकी सारे बरोबर. आतल्या गावांतली सामान्य माणसेही उन्हाळ्यात खाऱ्या पाण्याची स्नाने करण्यासाठी समुद्र गाठत, कारण ती प्रकृतीला हितकर मानली जात. झावळ्यांच्या झापांचे तात्पुरते निवारेही तेव्हा उभे राहत. शॅकचा पूर्वज तो.

१३/ या काळातला किनारा मात्र प्रामुख्याने मच्छीमारांचा होता. समुद्राकाठची वाळू ही राहण्याची प्रतिष्ठित जागा नव्हे. ती होड्या ओढण्याची, जाळी सुकवण्याची, मासळी वाळवण्याची जागा. जुनी श्रीमंत घरे पाहा, ती समुद्रापासून दूर, शेताच्या कडेला, चर्चजवळ किंवा देवळाजवळ आहेत. समुद्राकडे तोंड करून बसणे ही चैनीची कल्पना नंतरची आहे. कळंगुटचे सौझा लोबो १९३२ पासूनचे आहे. अशा जुन्या, किनाऱ्याजवळच्या उपाहारगृहांकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. समुद्र हा कामाच्या जागेवरून पाहण्याच्या वस्तूकडे सरकत असल्याची ती आरंभीची चिन्हे आहेत.

१४/ १९६१ नंतर सीमा खुल्या झाल्या आणि साठच्या दशकाच्या मध्यापासून पाश्चात्त्य तरुण हणजूण-कळंगुटला येऊ लागले. इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली या खुष्कीच्या मार्गाचे दक्षिणेतले हिवाळी टोक म्हणजे गोवा. त्यांतली सर्वांत गाजलेली व्यक्ती ‘एट फिंगर एडी’. आर्मेनियन वंशाचा हा अमेरिकी माणूस हणजूणला फुकट सूप वाटणारे स्वयंपाकघर चालवत असे आणि २०१० साली गोव्यातच वारला. गोव्याच्या किनाऱ्यावरील एक स्मरणीय भोजनगृह असे होते, जिथे बिलच नव्हते. १९७९ मध्ये इराणातील क्रांती आणि अफगाणिस्तानातील सोव्हिएत सैन्याचा प्रवेश यांनी तो खुष्कीचा मार्ग बंद केला.

१५/ पण हिप्पींना रोज कोण खाऊ घालत होते? हा प्रश्न आठवणींच्या पुस्तकांत फारसा विचारला जात नाही. उत्तर आहे : गावातली घरे. मच्छीमार आणि ताडी काढणाऱ्या रेंदेरांच्या कुटुंबांनी खोल्या भाड्याने दिल्या, ओसरीवर एक बाक टाकला, चहा आणि आम्लेट देऊ लागले. मग पाहुण्यांच्या सांगण्यावरून केळ्याचे पॅनकेक, लापशी, फळांचा रस. अनेक घरांचा ‘मेनू’ हा असा पाहुण्यांच्या भुकेने आणि घरच्या बाईच्या हुशारीने मिळून लिहिला गेला. तिचे नाव बहुधा कुठेच नाही. परदेशी पाहुण्याचे टोपणनावसुद्धा टिकले. रांधणारीचे खरे नावही टिकले नाही.

१६/ हे विस्मरण गोव्यापुरते नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आलेल्या हजारो कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळी बायकांनीच चालवल्या. त्यांना ‘उद्योजक’ म्हणण्याची कोणाला गरज वाटली नाही. गोवामुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली, तेव्हा या खाणावळवाल्या बायकांना संघटना आणि बँकेचे कर्ज मिळण्याची वाट खुली झाली. आणि गिरगावातल्या खोताच्या वाडीतले अनंताश्रम आठवावे. गोव्याची आमटी आणि तळलेली मासळी तिथे जेवायची आणि उठायचे. ते आता बंद झाले आहे. मुंबईकर मराठी माणसाला गोवा भेटला तो समुद्रकिनाऱ्याआधी अशा ताटात.

१७/ सत्तरच्या दशकात चित्र झपाट्याने बदलले. ताज समूहाचे पंचतारांकित हॉटेल आग्वाद किल्ल्याच्या तटालगत उभे राहिले. नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्रकुल परिषदेचे राष्ट्रप्रमुख विश्रांतीसाठी तिथेच आले आणि गोव्याचा किनारा जगाच्या वृत्तपत्रांत झळकला. १९८५ पासून युरोपातून थेट चार्टर विमाने उतरू लागली. पाठीवर पिशवी घेऊन महिनोन्‌महिने राहणाऱ्या पाहुण्याची जागा दोन आठवड्यांचे पैसे आधीच भरून आलेल्या पर्यटकाने घेतली. त्याला हॉटेलबाहेर, वाळूवर, स्वस्तात आणि लवकर जेवण हवे होते. आज आपण ज्याला शॅक म्हणतो, त्याची भरभराट या मागणीतून झाली. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात या पर्यटनाला विरोध करणारी ‘जागृत गोंयकारांची फौज’ ही संघटनाही याच वातावरणात उभी राहिली.

१८/ पण शॅक झावळ्यांचाच का? काँक्रीटचा का नाही? इथे कायदा येतो. १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा बांधकामांपासून मुक्त ठेवण्यास सांगितले. पुढे १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली आणि या पट्ट्यावर कायदेशीर बंधने आली. पक्के बांधकाम निषिद्ध. म्हणून तात्पुरते, बांबूचे, मोडता येईल असे. ज्या झावळ्यांच्या छपराला आपण ‘निवांत गोव्या’ची खूण मानतो, ती खूण मोठ्या प्रमाणात शासकीय अधिसूचनेने टिकवली आहे. माटव घालण्याची परंपरा जुनी. ती सक्तीची झाली कायद्याने.

१९/ आज शॅकचे वाटप राज्य सरकारच्या धोरणानुसार होते. अर्ज, पात्रता, सोडत, ठरावीक मुदतीचा परवाना आणि ३१ मे च्या सुमारास जागा रिकामी करणे. परवाना गोमंतकीयांसाठी; पण घेतलेला शॅक दुसऱ्यालाच चालवायला देण्याच्या तक्रारी वारंवार होतात. म्हणजे वाळूवरची ही आठ महिन्यांची जागासुद्धा मालकी, कूळ आणि पोटकूळ यांच्या जुन्याच गणितात सापडली आहे. शेतजमिनीचा इतिहास वाचलेल्या विदर्भातल्या विद्यार्थ्याला हे गणित नवे नाही.

२०/ आणि मासे? शॅक ज्यावर चालतो, त्या मासळीचा इतिहास पर्यटनाच्या पुस्तकांत येत नाही. परंपरेने किनाऱ्यावर ‘रापण’ घातली जाई. होडीतून लांबच लांब जाळे अर्धवर्तुळात सोडायचे आणि गावातल्या अनेकांनी दोन्ही टोके वाळूवरून ओढायची. मासळी वाटून घ्यायची. दोर ओढणाऱ्यालाही वाटा. साठ-सत्तरच्या दशकांत यांत्रिक ट्रॉलर आले. ते किनाऱ्याजवळच मासेमारी करू लागले आणि रापणकारांच्या जाळ्यात येणारी मासळी आटली. सत्तरच्या दशकात रापणकारांचे मोठे आंदोलन उभे राहिले. मातान्ही साल्ढाणा हे त्याचे एक प्रमुख नेते होते.

२१/ त्या संघर्षातून १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यापासून ५ किलोमीटरचा पट्टा ट्रॉलरसाठी बंद करण्यात आला. कागदावर विजय मिळाला. अंमलबजावणीचा झगडा चालूच राहिला. आता या दोन कहाण्या शेजारी ठेवा. एकाच दशकात, एकाच वाळूवर, रापणकाराच्या होडीची जागा आक्रसत होती आणि पर्यटकाच्या खुर्चीची जागा वाढत होती. पुष्कळ मच्छीमार कुटुंबांनी पुढे खोल्या भाड्याने दिल्या, होड्यांतून पर्यटकांना फिरवले, शॅक टाकले. याला केवळ ‘विकास’ म्हणणे किंवा केवळ ‘विस्थापन’ म्हणणे, दोन्ही सोपे आहे. ज्याचा एक व्यवसाय हातातून निसटत होता, त्याने त्याच जागेवर दुसरा उभा केला, इतके निश्चित म्हणता येईल.

२२/ एक गोष्ट विलक्षण आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. शॅक मे अखेरीस मोडतात. म्हणजे पर्यटनाचे वेळापत्रक अजूनही पावसानेच ठरवलेले आहे. पूर्वी गोव्यातली घरे या दिवसांसाठी ‘पुरुमेंत’ भरून ठेवत : सुकी मासळी, मिरच्या, कांदे, आमसुले, लोणची. हाही शब्द पोर्तुगीजच, ‘तरतूद’ या अर्थाचा. आमच्याकडे उन्हाळ्यात पापड, कुरड्या, सांडगे आणि वर्षाचे तिखट करून ठेवतात, तोच हा विचार. समुद्र असो वा काळी जमीन, पाऊस सुरू होण्यापूर्वी डबे भरले पाहिजेत, हे शहाणपण दोन्हीकडचे.

२३/ किनाऱ्याच्या उत्तरेला, महाराष्ट्रात, वेगळा प्रयोग झाला. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. मालवण-तारकर्लीत पर्यटक आले ते प्रामुख्याने मराठी कुटुंबे आणि त्यांना जेवू घातले घरगुती खाणावळींनी. इथे मेनूकार्ड जवळजवळ नाही. आज बाजारात जी मासळी आली ती ताटात. तिरफळ घातलेला बांगडा, सोलकढी, कोंबडी-वडे. गोव्याच्या शॅकने पाहुण्याची चव शिकून घेतली. मालवणच्या खाणावळीने पाहुण्याला आपली चव शिकवली. दोन्ही व्यवहारच आहेत, पण त्यांतला यजमान वेगळ्या जागी बसलेला आहे.

२४/ आता २०२३ कडे या. नव्या शॅक धोरणात गोव्याच्या सरकारने शॅकमध्ये मासळीची कढी आणि भात ठेवणे आवश्यक केले. क्षणभर विचार करा. जे हुमण आणि शीत प्रत्येक गोमंतकीय घरात दुपारी आपोआप शिजत होते, त्याच्यासाठी सरकारला नियम करावा लागला! १७३६ मध्ये एका सत्तेने सांगितले की भात कसा शिजवू नये. २०२३ मध्ये दुसऱ्या, लोकांनी निवडलेल्या सत्तेने सांगितले की भात वाढलाच पाहिजे. हेतू परस्परविरुद्ध, पण दोन्ही वेळा भाताच्या ताटात ओळख शोधली गेली. सत्तेला आपल्या जेवणात इतका रस का असतो, याचे उत्तर या दोन आदेशांच्या मध्ये कुठेतरी आहे.

२५/ शेवटी यवतमाळ. विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद लोहमार्गावरची गाडी सुरू झाली. आपण तिला प्रेमाने शकुंतला म्हणतो. इंग्रजांना ती हवी होती कापसासाठी. आमचा कापूस तिच्यातून मोठ्या रुळांकडे, तिथून मुंबई बंदराकडे आणि पुढे समुद्रापार गेला. मिरची समुद्राकडून आमच्याकडे आली होती; कापूस आमच्याकडून समुद्राकडे गेला. किनारा हा आमच्या इतिहासाबाहेरचा प्रदेश कधीच नव्हता. केवळ तो दिसत नव्हता.

२६/ म्हणून मित्रहो, पुढच्या सहलीत शॅकमध्ये बसाल तेव्हा मेनूकार्डाचे एक छायाचित्र दिनांकासह अवश्य काढून ठेवा. त्यावरचे दर, पदार्थांची नावे, कोणत्या भाषांत ती लिहिली आहेत, हे सारे काही वर्षांनी ऐतिहासिक साधन ठरेल. रांधणाऱ्या माणसाचे नाव, त्याची हरकत नसेल तर, विचारून लिहून ठेवा. तो गोव्याचाच आहे की पोटासाठी दूरवरून आलेला, हेही. आणि हेच काम आपल्या गावच्या जत्रेतल्या हॉटेलासाठीही करा. जी वास्तू दरवर्षी मोडते, तिचे दफ्तर आपल्यालाच बांधावे लागते.

२७/ पुढील धाग्याचा विषय : विदर्भातल्या कापूसबाजाराच्या गावांत चहाची टपरी कशी आणि केव्हा आली. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी, जुनी बिले, पाट्यांची छायाचित्रे असतील तर प्रतिसादात जरूर द्या.